पट्टीवाल्या मामांचं शून्य

माझे वडील कधी वारले असं कुणी विचारलं तर मी तारीख सांगतो. पट्टीवाले मामा सांगायचे, "सांडव्यावरून चार बोटं पाणी चाललं होतं, तवा गेले." तारीख त्यांना ठाऊक नव्हती असं नाही, पण दिवस ओळखायची त्यांची रीत वेगळी होती. माझा धाकटा भाऊ दहावीत नापास झाला तो "सात फुटाला". मी जालन्याला नोकरीला लागलो तो "तीनाच्या खाली, लई वंगाळ दिवस होते". त्यांनी सांगितलेले फूट आणि माझ्या तारखा मी एकदा कागदावर समोरासमोर मांडून पाहिल्या. बहुतेक जुळल्या. ज्या दोन जुळल्या नाहीत, त्यांत चूक कुणाची हे मला आजही सांगता येत नाही.

गाव आमचं घनसावंगी तालुक्यात, कुंभार पिंपळगावच्या बाजारापासून सात किलोमीटरवर. गावाच्या वरच्या अंगाला एक लहान तलाव आहे. त्याच्या पाणी सोडायच्या दरवाजाशेजारी सिमेंटचा खांब, आणि त्या खांबावर पाणी किती उंच आहे ते दाखवणारी फूट-इंचांची पट्टी. मामा त्या तलावावर रोजंदारीचे चौकीदार होते. सकाळी पट्टी वाचायची आणि वहीत आकडा लिहायचा, एवढं त्यांचं काम. साठी झाल्यावर काम सुटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा बांधावर हजर. वही सरकारजमा झाली होती, म्हणून आकडा ते पिठाच्या गिरणीच्या भिंतीवरच्या फळ्यावर खडूनं लिहायला लागले. नुसते फूट आणि इंच. दळणाला येणारं माणूस तो वाचायचं आणि घरी जाऊन सांगायचं. साऱ्या गावाचे ते मामा. त्यांचं पाळण्यातलं नाव कुणी घेत नाही, मीही इथं घेत नाही.

मामांकडं गेलात की आधी प्रश्न यायचा, "कितीची तहान हे?"

पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी आपला म्हणालो, "द्या ग्लासभर." त्यांनी काठोकाठ ग्लास दिला आणि समोर उभे राहिले. मला अर्ध्याच्या वर जाईना. मी ग्लास खाली ठेवायला लागलो तर म्हणाले, "ग्लासभर म्हणला होतास. मी मोजून दिलं. आता पी." मी प्यालो. पुढच्या खेपेला मी "पाऊण" म्हणालो, तेव्हा ते खूश झाले. "हां. आता मानूस झाला."

मी जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणे कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. ओल्या कागदावर शंभर बिया मांडायच्या, ठरलेल्या दिवशी कागद उलगडून किती उगवल्या ते मोजायचं. सत्तावीस वर्षं हेच करतो आहे. मामांना या कामाचं हसू यायचं. रविवारी मी बांधावर दिसलो की लांबूनच ओरडायचे, "काय शंभरातले अठ्ठ्याऐंशी! आज किती?" एकदा जवळ बसवून गंभीरपणे विचारलं, "उगवल्या त्या मोजतोस. न उगवलेल्या बारांचं काय करतोस?"

"फेकून देतो."

"पान्यात असं जमत न्हाई," एवढंच म्हणाले. याचा अर्थ मी विचारला, तर म्हणाले, "मला बी म्हाईत न्हाई."

दरवर्षी तलाव उतरत उतरत सहा फुटांवर आला की त्या दिवशी ते बांधावर पाच माणसांना जेवू घालायचे. धपाटे, दही, वांग्याची भाजी. याला ते तलावाचं जेवण म्हणत. ही चाल गावात दुसऱ्या कुणाची नाही, त्यांच्या वडिलांचीही नव्हती. आमंत्रण असं: "सहा फुटाला यायचं, घरच्यांना घेऊन." एका वर्षी मी महिनाभराचे आकडे फोनवरून भावाकडून घेतले, रोजची घट काढली, आणि बायकोमुलीला मोटारसायकलवर बसवून साठ-बासष्ट किलोमीटर बरोबर त्या दिवशी पोचलो. बांधावर मामा एकटेच बसलेले.

"आज न्हाई. उद्या हे."

"मामा, रोज पाऊण इंच उतरत होतं. आज सहा फूट व्हायला पाहिजे."

"परवा आभाळ आल्तं ना. उनानं कमी प्यालं. मी काय करू?"

बायको परतीच्या वाटेवर काही बोलली नाही. म्हणजे खूप बोलली, पण माझ्याशी नाही, मुलीशी.

आणखी एक गोष्ट. हा माणूस तलावात कधी उतरला नाही. चौकीदारीत नाही आणि नंतरही नाही. बैल धुवायलासुद्धा ते ओढ्यावर नेत. "जो मोजतो त्यानं आत उतरू न्हाई," असं त्यांचं म्हणणं. मला ते वाक्य फार आवडलं होतं. प्रयोगशाळेत नवीन मुलं येतात, त्यांना मी ते सांगतही असे. आता सांगत नाही.

ज्या वर्षामुळं हे सगळं लिहावंसं वाटलं, त्या वर्षाकडं येतो.

गावाचा एक जुना नियम आहे. पंधरा डिसेंबरला तलाव आठ फुटांच्या खाली असला तर होळीनंतर बागांना तलावाचं पाणी नाही. जे आहे ते पिण्याला आणि जनावरांना. गावची पिण्याची विहीर तलावाच्या खालच्या अंगाला आहे, तलाव आटला की तीही आटते, म्हणून हा नियम. त्या वर्षी पंधरा डिसेंबरला फळ्यावर आकडा होता सात फूट पाच इंच.

आमची मोसंबीची बाग दोनशे चोवीस झाडांची. वडिलांनी लावलेली, चौदा वर्षांची. शेती धाकटा भाऊ करतो. मी रविवारी जातो आणि हिशेब बघतो. भाऊ फार बोलत नाही. "दादा, तुमी सांगा" हे त्याचं ठरलेलं वाक्य. मी सांगितलं. भर उन्हाळ्यात मोठ्या झाडाला दिवसाला सव्वाशे लिटर धरले. आमची विहीर उन्हाळ्यात दिवसाला चौदा हजार लिटर देते, हे मी तीन उन्हाळे मोजलेलं. चौदा हजाराला सव्वाशेनं भागलं की एकशे बारा. सगळ्यांना अर्धं अर्धं पाणी दिलं तर सगळीच बाग वाळेल. निम्मी तोडली तर निम्मी वाचेल. यात कुठं चूक आहे का, म्हणून मी भावाला कागद दाखवला. तो बराच वेळ कागद बघत होता.

"बराबर हे," म्हणाला.

एक झाड सोडून एक, असा मी चुन्यानं पट्टा मारत गेलो. भाऊ मागून यायचा आणि प्रत्येक झाडाशी विचारायचा, "हे बी?" मी हो म्हणायचो. एकशे बारा वेळा त्यानं विचारलं. एका झाडाला फांद्यांना टेकू द्यावे लागायचे इतकी फळं त्याला धरायची. तिथं तो दोनदा म्हणाला, "हे बी?" मी म्हणालो, "क्रमानं आलंय." ते तुटलं. कुऱ्हाड चालवायला त्यानं माणसं लावली, स्वतः त्या दिवशी बाजारला गेला.

मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी मी गावी गेलो, तर गिरणीच्या फळ्यावर शून्य लिहिलेलं. ठळक, गोल. म्हटलं, तलाव संपला. बघायला म्हणून बांधावर चढलो, तर खाली पाणी होतं. भरपूर नाही, पण चांगलं पसरलेलं. म्हशी बसल्या होत्या. काठाला बगळे होते. पाणी खांबावरच्या शून्याला बरोबर टेकलेलं, म्हणजे फळा चूक नव्हता. पण शून्य म्हणजे दरवाजाचा उंबरा, त्याच्याखाली पाणी बाहेर निघू शकत नाही म्हणून ते शून्य, असं मी समजत होतो. घरी जाऊन टेप आणला, बांबूला बांधला, गुडघाभर पाण्यात उतरलो आणि खांबावरच्या शून्यापासून खाली दरवाजाच्या उंबऱ्यापर्यंत मोजलं. दोन फूट आणि अर्धा इंच. तीनदा मोजलं.

म्हणजे डिसेंबरात तलाव सात-पाच नव्हता. नऊ फूट पाच इंच होता. आठाच्या वर.

मी तसाच ओल्या पायानं मामांकडं गेलो. ते ओट्यावर शेंगा सोलत होते.

"कितीची तहान हे?"

"तहान नाही. मामा, तुमचं शून्य दोन फूट वर आहे."

"कशाच्या वर?"

"दरवाजाच्या उंबऱ्याच्या. मी मोजून आलो."

त्यांनी माझ्या पायांकडं पाहिलं. "आत उतरलास?"

"गुडघ्यापर्यंत."

"मोजणाऱ्यानं उतरावं का?" त्यांना राग आला तो याचा. शून्याचं त्यांना काहीच वाटलं नाही, असं मला त्या वेळी दिसलं.

मग हळूहळू कळलं ते असं. खात्यानं बसवलेली मूळ लोखंडी पट्टी फार वर्षांपूर्वी कुणीतरी काढून भंगारात विकली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात तलाव पार आटला, तेव्हा मामांनी ऑइलपेंटचा डबा आणून खांबावर आकडे स्वतः रंगवले. आठ फुटांचा नियम मात्र त्याआधीचा, लोखंडी पट्टीच्या काळातला. मी विचारलं, शून्य तिथं का काढलं?

"खाली गाळ हे. गाळाला पानी म्हणून मोजू का?"

"गाळ दोन फूट नाही. बांबू लागला मला. वीतभर असेल."

"मंग पाखरांचं धर. जनावरांचं धर. त्यायला मोटार हे का? त्यायचं कोण ठिवनार?"

"मग तसं गावाला सांगायचं. नियम करायचा."

"सांगितलं असतं तर त्याच्यातलं बी अर्धं मागितलं असतं ना रे."

हे मला पटत आलं होतं. तेवढ्यात आतून मामी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "काय पाखरं न् काय गाळ! त्या साली तळाला चिखल होता. ह्यायनला आत पाय घालायचा नव्हता. हात पोचला तिथून रंगवायला सुरू केलं. म्या डबा धरून उभी होते."

मी मामांकडं पाहिलं. ते शेंगा सोलत म्हणाले, "ते बी हे."

तिन्ही कारणं खरी असू शकतात का? मी विचार केला आहे. एखादी गोष्ट चुकून झाली आणि नंतर तिला कारण चिकटलं, असं होतं. पण कारण आधी असून चिखलाचं निमित्त झालं, असंही होतं. मामांना तरी आता हे सांगता येईल का, याची मला शंका आहे.

"मामा, तुमच्या आकड्यावर मी एकशे बारा झाडं तोडली."

त्यांचे हात थांबले. मग उठून मला घराच्या मागं घेऊन गेले. तिथं त्यांची मोसंबी होती, चाळीस झाडं, नुसत्या तलावाच्या पाण्यावरची. चाळीसही तोडलेली. खोडं जमिनीपासून हातभर उरलेली, चीर पडलेली.

"तुम्ही? तुम्हाला तर खरं पाणी माहीत होतं!"

"पट्टीवर सात-पाच होतं," ते म्हणाले. "मी लिहिलेलं मीच न्हाई मानलं तर मंग कोन मानंल?"

मी परत निघालो. चिडावं की पाया पडावं, हे मला कळेना. दोन्ही केलं नाही. जालन्याच्या रस्त्याला लागल्यावर लक्षात आलं की चप्पल त्यांच्या ओट्याशी राहिली.

त्या वर्षी पाऊस रुसला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात आला. तोवर गावची विहीर टिकली, टँकर लागला नाही. पाऊस आला त्या दिवशी तलावात उंबऱ्याच्या वर पाच इंच पाणी होतं. भावाकडून मी फोनवर मोजून घेतलं, कशासाठी ते त्याला न सांगता. बागांना पाणी दिलं असतं तर हे पाच इंच उरले असते का? बहुधा नाही. मग विहीर आटली असती का? बहुधा हो. पण किती बागांनी किती मोटारी किती तास चालवल्या असत्या, हे माझ्याकडं नाही, आणि ते असल्याशिवाय मी उत्तर लिहू शकत नाही. चुकीच्या आकड्यानं उत्तर बरोबर आलं, तर ते गणित बरोबर धरायचं का? माझ्या प्रयोगशाळेत नाही धरत.

भावाला मी काही सांगितलं नाही. तीन वर्षं नाही. तो उरलेली एकशे बारा झाडं जपत होता, मधल्या रिकाम्या जागेत हरभरा घेत होता, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, "दादांनी टायमावर सांगितलं म्हणून एवढी तरी राह्यली." ते ऐकलं की मी विषय बदलायचो. मी सांगितलेल्या हिशेबात दोन फूट पाणी धरलेलं नव्हतं, आणि ती झाडं वडिलांनी लावलेली होती. हे सांगायला तोंड उघडायचो आणि खतांबद्दल विचारायचो.

मध्यंतरी मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला. ऑपरेशनला ते तयार नाहीत. "पट्टी धुरकट दिसली तरी पानी तेवढंच हे," म्हणतात. फळा लिहायचं काम त्यांनी माझ्या भावाला दिलं. का त्यालाच, कोण जाणे. गेल्या वर्षी खांबावर नवी स्टीलची पट्टी आली, मीटर आणि सेंटिमीटरची, शून्य थेट दरवाजाच्या उंबऱ्याला. मी मनातल्या मनात सुटलो. म्हटलं, आता आपोआप उलगडेल, मला सांगायला नको.

डिसेंबरात गेलो. पट्टीवर दोन मीटर दहा सेंटिमीटर. म्हणजे सहा फूट, पावणेअकरा इंच. खाली येऊन गिरणीचा फळा पाहिला. चार फूट, पावणेअकरा इंच. भावाचं अक्षर.

तो शेतात ठिबकच्या नळ्या साफ करत होता.

"फळ्यावर चार-पावणेअकरा कुणी लिहिलं?"

"मीच की."

"पट्टीवर सहा-पावणेअकरा आहे."

"हाव."

"मग?"

"मंग काय? मामाच्या मापानं चारच होतं न्हाई का ते."

मी तिथंच शेताच्या बांधावर बसलो. "तुला शून्याचं माहीत होतं?"

तो हसला. "दादा, पोरं पवायला शिकतेत तिथं. फळ्यावर शून्य लागलं की लहान लेकरांना सोडतेत, मांडीएवढंच पानी राह्यतंय म्हणून. मी बी तिथंच शिकलो. गावात कोनाला म्हाईत न्हाई?"

"सगळ्यांना माहीत आहे? आणि कुणी बोलत नाही?"

"बोलून काय करायचं? बोललं की मोटारी लागत्या. मामाला वाटतं, कोनाला म्हाईत न्हाई. राहू द्या की त्यांना."

मला पोहायला येत नाही. आठवीपासून मी जालन्याला होतो. अख्ख्या गावात खांबावरचा आकडा जसाच्या तसा खरा मानणारा मी एकटा होतो, हे मला त्या बांधावर कळलं.

"मग त्या वर्षी," मी विचारलं, "बाग कशी तोडू दिलीस? आठाच्या वर पाणी होतं. तुला माहीत होतं."

त्यानं नळी खाली ठेवली. माझ्याकडं न बघता म्हणाला, "तुमी सांगितलं ना. मला वाटलं, तुमी ते दोन फूट धरूनच हिशेब केला. तुमी तर इंच सोडत न्हाई. म्हणलं, दादा धरूनबी एकशे बाराच म्हणून राह्यलेत, म्हंजे बराबर असंल."

"नव्हते धरले."

"हां."

"मला माहीतच नव्हतं रे."

"हां," तो पुन्हा म्हणाला. नळीतला गाळ काडीनं काढत राहिला. जरा वेळानं म्हणाला, "ते टेकूवालं झाड मात्र सोडायचं होतं."

एवढंच. यापेक्षा जास्त तो त्यानंतरही कधी बोललेला नाही.

निघताना त्यानं विचारलं, "औंदा रिकाम्या जागेत रोपं लावायची म्हणतो. किती लावू?"

माझा हात सवयीनं खिशातल्या पेनाकडं गेला. "दोन फूट धरून सांगू का सोडून?"

"तुमी सांगाल तसं."

मी घरी येऊन चार दिवस आकडेमोड केली. विहिरीचं पाणी, तलावाचं पाणी, दोन्ही बाजूंनी. धरून वेगळा आकडा येत होता, सोडून वेगळा. शेवटी सोडून केला आणि फोनवर कळवलं: साठ.

त्यानं साठ खड्डे खणले. जुलैत मी गेलो तेव्हा ते मोजले, बरोबर साठ होते. रोपं पंचेचाळीसांत होती. उरलेले पंधरा खड्डे उघडे ठेवलेले, त्यांत ढेकळं ओली झाली होती.

"हे?" मी विचारलं.

"राहू द्या तसेच," भाऊ म्हणाला.

मी राहू दिले. ते कशासाठी आहेत, हे मला माहीत नाही, आणि त्याला तरी माहीत आहे की नाही, हेही मी विचारलेलं नाही.